चष्मेवाल्यांची साक्ष

चष्मेवाल्यांना मी फारसा ओळखत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला धरायला नको. सव्वीस वर्षं आम्ही दर रविवारी एकाच छपराखाली उपासनेला बसलो, माझे तीन चष्मे त्यांनीच केले. पण त्यांना भावंडं किती, लहानपण कुठं गेलं, राग आला की ते काय करत, यातलं मला काही सांगता येणार नाही. ते गेल्यावर वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मंडळीचे चिटणीस. दोन पानं लिहा त्यांच्यावर."

मी म्हटलं, "मला कुठं लिहिता येतं?"

"चोवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलंत, तेव्हा बरं येत होतं!"

टोमणा बरोबर जागी लागला. का लागला, ते पुढे येईलच.

त्यांचं दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. वरच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर. अधूनमधून वरून कुणाचं तरी विव्हळणं ऐकू येई आणि खाली चष्म्यासाठी आलेलं गिऱ्हाईक दचकून वर बघे. चष्मेवाले शांतपणे म्हणत, "घाबरू नका, ते खातं वेगळं आहे." पुढे तिघांना पुरेल एवढा बाक, भिंतीला चष्म्यांच्या फ्रेमा, आणि पडद्यामागे तपासणीची खुर्ची. समोर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर थाळीएवढं, खालची मुंगीएवढी. डोळ्यांवर ती जड लोखंडी फ्रेम चढवून ते एकेक काच सरकवत आणि विचारत, "आता बरं, की मघाशी बरं?" हा एकच प्रश्न ते दिवसभर विचारत असत, पण कंटाळलेले कधी दिसले नाहीत. उत्तर काय येतंय याची त्यांना खरोखर उत्सुकता असे.

त्यांच्याकडे तक्ते दोन होते. याचं कारण त्यांनीच मला सांगितलं होतं. आतला माणूस मोठ्याने वाचतो, बाहेर बाकावर बसलेले ऐकतात, आणि आपली पाळी येईपर्यंत त्यांचं पाठ होतं. "नंबर काढायला आलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो हो. चुकलो तर काय, ही भीती. परवा एक बसचालक आले. खुर्चीत बसले आणि खडाखडा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोकळे. मी म्हटलं, काका, मी अजून दिवा लावलेला नाही."

असा हा माणूस. आता आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे उपासनेला कुणीही येऊन बसावं, मज्जाव नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस, ते घ्यायचं तर आधी पंचांसमोर साक्ष द्यावी लागते. आपला विश्वास कधी जागा झाला, तेव्हा मनाला काय वाटलं, हे सांगायचं. पंचांचं समाधान झालं की चिटणीस ती साक्ष वहीत उतरवतो, उपासना चालवणारे पाळकसाहेब ती रविवारी सर्वांना वाचून दाखवतात, आणि तो माणूस मागच्या बाकांवरून पुढच्या बाकांवर येतो. मागचे बाक आणि पुढचे बाक यांच्यामध्ये तीन हातांची मोकळी जागा आहे. तिला नाव नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे.

चष्मेवाले लग्नानंतर आमच्यात आले. वहिनी आमच्याच, पुढच्या बाकावरच्या. मी चिटणीस होऊन दोन वर्षं झाली असतील तेव्हा त्यांना साक्षीसाठी बोलावलं. शाळेचे हेडमास्तर तेव्हाही पंच होते. त्यांनी विचारलं, "विश्वास धरलात तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

चष्मेवाल्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "खुर्ची टणक वाटली."

ते चेष्टा करत नव्हते. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. हेडमास्तरांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो चष्माही त्यांच्याच दुकानातला होता. बारा वर्षांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांनी खुर्चीचंही नाव घेतलं नाही. म्हणाले, "मी लहानपणापासून उपासनेला बसतोय, आधी दुसरीकडे, आता इथं. मला खरं वाटतं म्हणून येतो. बाकी आत काही हलत नाही."

हेडमास्तर म्हणाले, "भावनेशिवाय विश्वास म्हणजे कोरडी विहीर. कोरड्या विहिरीवर कोण जातं पाण्याला?"

"मी विहीर नाही हो सर. मी घागर घेऊन रांगेत उभा आहे."

पंच हसले, हेडमास्तर हसले नाहीत, आणि चष्मेवाले मागच्या बाकावरच राहिले. त्यांची कुरकुर नव्हती. पहिल्या रविवारी वहिनी उठून पुढे जात, डोळे पुसत परत येत, आणि ते त्यांना बसायला जागा करून देत. एकदा त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "कांदा चिरतानासुद्धा रडत नाही हा माणूस. मीच रडते दोघांचं."

मागच्या वर्षी एका पहिल्या रविवारी वहिनी उठल्या नाहीत. भाकरीचं ताट फिरलं, प्याले फिरले, आणि त्या मागे नवऱ्याशेजारी हात बांधून बसून राहिल्या. पुढच्या महिन्यातही तसंच. बायकांनी विचारलं तर म्हणाल्या, "शेजारी नवरा उपाशी बसलेला असताना घास उतरतो होय? इतकी वर्षं उतरवला. आता नाही उतरत."

त्या आठवड्यात चष्मेवाले माझ्या घरी आले. ते पहिल्यांदाच येत होते. उंबऱ्यातच म्हणाले, "चिटणीस, येत्या गुरुवारी पंच बसतायत ना? मला एक साक्ष लिहून द्या. पाठ करतो."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही?"

"माझ्यामुळे हिचं बंद झालं. तिला ते लागतं. मला चालतं, तिला नाही चालत. तुमच्याकडे वहीत पुष्कळ असतील, त्यातली एखादी चांगलीशी काढा. फार मोठी नको, माझं पाठांतर बेताचं आहे."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे. मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी वह्या मांडून बसलो. सून जाता जाता म्हणाली, "बाबा, पेपर आहे का उद्या?" मी आधी नुसती पानं चाळली. मग पेन्सिल घेतली, कारण एक वाक्य फार वेळा डोळ्यांपुढून जायला लागलं. 'माझ्या छातीवरचा दगड उतरला व अवर्णनीय आनंद झाला.' सुताराच्या छातीवर दगड होता, शिवणवाल्या बाईंच्या होता, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या होता, दोन सख्ख्या जावांच्या एकाच गुरुवारी उतरला होता. माझ्या हातच्या चौऱ्याहत्तर साक्षींपैकी एकतीसांत हा दगड निघाला.

मला मजा वाटली. माणसांना देवापुढे काय काय वाटतं, हे कुणी कधी मोजलं असेल का? मी आणखी शोधायला लागलो. राग आला, असं कुणी लिहिलेलं नव्हतं. भीती नव्हती. कंटाळा नव्हता. स्तोत्रांत माणूस देवाशी भांडतो, रुसतो, झोपलास का म्हणून विचारतो, आणि ते सगळं आम्ही रविवारी खणखणीत आवाजात वाचतो. वहीत मात्र एकही माणूस रुसलेला नव्हता. ओझं उतरणं आणि आनंद, एवढ्या दोनच भावनांचं तिथं काम चाललं होतं.

मग कुतूहल म्हणून माझ्या आधीच्या चिटणिसांची वही उघडली. तिच्यात दगड नव्हता. कुणी लिहिलं होतं, 'आई वारली, नंतर येऊ लागलो.' कुणी लिहिलं होतं, 'लाज वाटली.' दगड सबंध वहीत फक्त दोनदा होता, एकाच दिवशी, एकाखाली एक. वरची साक्ष सुईणबाईंची. खालची माझी.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पंचांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्या खोलीचं दार आजही नीट लागत नाही. आतून सुईणबाईंचा आवाज आला, छातीवरचा दगड उतरला, आणि बाई रडू लागल्या. त्यांच्या हातून त्या वर्षी एक बाळ गेलं होतं, हे मला पुढे कळलं. मी आत गेलो आणि तोच दगड उतरवला. पंच म्हणाले, शाबास. मला काहीही वाटलं नव्हतं. भीती वाटली होती, पण ती कुणी विचारली नाही.

मी वही मिटली. आता मला जुळारी आठवला. तो प्रत्यक्षात म्हणाला होता, "बायको म्हणाली चला, आलो, बरं वाटलं." मी त्याला दगड दिला होता. सुतार तर बोललाच नव्हता, नुसती मान हलवत होता. पाळकांना वाचताना अडखळायला नको, माणसाचं हसं व्हायला नको, म्हणून मी प्रत्येकाचं नीटनेटकं करत गेलो. ते रविवारी वाचलं जाई, मागचे लोक ऐकत, आणि पुढच्या वेळी ते आपणहून तेच म्हणत. पंचांनाही त्याचीच सवय झाली. सुईणबाईंचा एक खरा दगड होता. बाकीचे मी वाटले होते, आणि एक चष्मेवाला तेवढा तो घेत नव्हता म्हणून बाहेर बसला होता.

मी तसाच उठून दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. ते काचा पुसत होते. ऐकताना हात थांबला नाही.

"म्हणजे तुमच्या खोलीबाहेरही बाक आहे म्हणा की," ते म्हणाले.

"आहे."

"सुईणबाईंचा मात्र खरा होता?"

"हो. त्यांचा खरा होता."

"वाटलंच. हिचंही खरं असतं. मी तिला विचारलं एकदा, तुला होतं ते नेमकं कुठं होतं? छातीत, की पोटात? म्हणाली, गळ्यात. गाणं सुरू झालं की गळ्याशी काहीतरी येतं." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "मी पुष्कळ प्रयत्न केले, चिटणीस. मोठ्याने गाऊन पाहिलं, उपास केला, गुडघे सुजेपर्यंत बसलो. वडील गेले तेव्हाही रडलो नाही. त्यांचा चष्मा आहे इथं खणात, एक काच तडकलेली. दर शनिवारी पुसतो. का पुसतो, विचारू नका. याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. याचं नाव तुमच्या वहीत आहे?"

"नाही."

"मग राहू दे. गुरुवारपर्यंत लिहून द्या तेवढं."

मी म्हटलं, "मी नाही देणार." आयुष्यात कुणाला एवढं तोंडावर नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी काच खाली ठेवली. "मग ही मागेच बसेल. तिच्या गळ्याशी आलेलं तिथंच राहील. चालेल तुम्हाला?"

वरून दाताच्या डॉक्टरकडचं कुणी ओरडलं आणि मी निघालो.

गुरुवारी संध्याकाळी पंच बसले. पाळकसाहेब माझ्या मुलाच्या वयाचे, नुकतेच आलेले. ते वहीपेक्षा माणसाकडे जास्त बघतात. हेडमास्तर, आणखी दोघं, आणि कोपऱ्यात चहाचा कप सांभाळत मी. चष्मेवाले आत आले. वहिनी बाहेर बाकावर थांबल्या.

हेडमास्तर म्हणाले, "या वेळी काही सांगण्यासारखं आहे का?"

"आहे," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे नजर लावली, त्यांची गिऱ्हाईकं लावत तशी. "माझ्या छातीवरचा..."

एवढ्या वर्षांत ते माझंच वाक्य त्यांनी वर्षातून एकदा तरी ऐकलेलं होतं. त्यांना लिहून द्यायची गरजच नव्हती.

मी उभा राहिलो. कप कलंडला, चहा वहीवर गेला. "थांबा," मी म्हटलं. "ते माझं आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंचांच्या बैठकीत मी कधी बोललो नव्हतो. आता बोललो ते कसं बोललो, नीट आठवत नाही. एकतीस दगड सांगितले. जुळारी सांगितला. सुईणबाई सांगितल्या आणि एकोणीस वर्षांचा मी सांगितला. शेवटी म्हटलं, "वाटण्यावरच जागा ठरत असेल तर माझी जागा मागे आहे. सत्तावन्न वर्षं मी पुढे बसतोय."

चहा टेबलाच्या कडेवरून थेंब थेंब खाली पडत होता. मला वाटलं, हेडमास्तर आता मला झाडतील.

"माझी साक्ष तुमच्या हातची नाही," हेडमास्तर म्हणाले. आवाज शाळेतला नव्हता. "मी खरंच रडलो होतो. तासभर. इतकं हलकं मला परत कधीच वाटलं नाही."

"परत कधीच?" पाळकांनी विचारलं.

"अडतीस वर्षं झाली." ते टेबलाकडे बघत होते. "दर पहिल्या रविवारी बघतो, येतं का. येत नाही. म्हणून नव्या माणसाला खोदून विचारतो. निदान याला तरी आलं का, हे बघायला."

चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकले. "आणि येत नाही तरी तुम्ही येता?"

"येतो."

"मीही तेच करतो हो सर."

पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूच्या त्या शेवटच्या रात्री जेवायला बसलेल्यांना काय वाटत होतं, कोण जाणे. एकजण बढाई मारत होता, एकजण त्यालाच विकून आला होता, बाकीचे गोंधळलेले होते. भाकर सगळ्यांना मिळाली. आधी विचारलं नव्हतं कुणाला." मग चष्मेवाल्यांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला यायचंय?"

"यायचंय."

"कशाला?"

चष्मेवाले म्हणाले, "जिथं हिच्यासारख्यांना काहीतरी होतं, तिथं जवळ बसावं म्हणून. आणि प्रभूने या म्हटलंय म्हणून. मला काही वाटलं तर कळवीन."

हेडमास्तर हसले. मी त्यांना पंचांच्या खोलीत हसताना तेव्हाच पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लिहा. आणि चिटणीस, या वेळी जसं बोलले तसंच. एक अक्षर पदरचं घालू नका."

मी भिजलेलं पान सोडून पुढच्या पानावर लिहिलं: 'काही वाटलं नाही. यायचं आहे. काही वाटलं तर कळवीन.' माझ्या चोवीस वर्षांतली ती सर्वांत आखूड साक्ष.

दार उघडलं तर वहिनी दाराला अगदी चिकटून उभ्या. सगळं ऐकलेलं. नवऱ्याला म्हणाल्या, "खोटं बोलायला निघाला होतात माझ्यासाठी! सव्वीस वर्षांत एकदा फूल नाही आणलंत, आणि आणलं तर हे!" आणि रडायला लागल्या. चष्मेवाले मला हळूच म्हणाले, "बघा, गळ्यातूनच येतं."

रविवारी पाळकांनी साक्ष वाचली. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. जुळारी मान वळवून माझ्याकडे बघत होता. उपासनेनंतर मला दारात गाठून म्हणाला, "चिटणीस, माझी बदलून मिळेल का?" त्यानंतर तिघं जण आले. मी सगळ्यांची बदलून दिली. एका बाईंनी लिहायला सांगितलं की देवावर माझा अजून राग आहे. तेही लिहिलं.

पहिल्या रविवारी चष्मेवाले त्या तीन हातांच्या मोकळ्या जागेतून पुढे आले, मागून वहिनी. माझ्याच बाकावर बसले. ताट आलं तेव्हा मी मान खाली घालायला हवी होती. मी तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी तुकडा घेतला, जरा पाहिला, तोंडात टाकला, सावकाश चावला. चेहऱ्यावर काही हललं का? मला तरी दिसलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे वळतोय असं बघून वहिनींनी मला अडवलं. "भाऊजी, विचाराल तर खबरदार. कळवीन म्हणालेत ना, कळवतील."

मी विचारलं नाही. एरवी मला विचारायचा धीर होत नाही, आणि या वेळी हुकूमच होता. पाच महिने ते पुढे येत राहिले. सहाव्या महिन्यात, पहिल्या रविवारनंतर चार दिवसांनी, दुकानात बाकावर बसल्या बसल्या गेले. काही कळवलं नाही. निदान मला तरी नाही. वहिनींना कळवलं असेल, पण त्या सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही.

त्या शेवटच्या रविवारी त्यांना जरा उशीर झाला. गाणं सुरू झालेलं, बाक भरत आलेला. ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "चिटणीस, थोडं सरकता का? हिला कडेला बसायचंय."

मी म्हटलं, "या की. दोघांना पुरेल एवढी जागा आहे."